आजी गायची, नाचायची : हेही छापा

वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीतला निधनवार्तांचा रकाना मी नेमाने वाचतो. आमच्या भागातली बरीच माणसं अलीकडे मला तिथेच भेटतात. पुरुष गेला असेल तर दोन ओळींत त्याचं आयुष्य येतं: सोसायटीचे माजी चेअरमन, निवृत्त मुख्याध्यापक, नावाजलेले मल्ल, भजनी मंडळाचे पखवाजवादक. बाई गेली असेल तर बहुतेक वेळा मजकूर ठरलेला असतो. त्या प्रेमळ, कष्टाळू व धार्मिक वृत्तीच्या होत्या. त्यांच्या पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन अमुक दिवशी, अमुक घाटावर.

यातलं काही खोटं नसतं. त्या कष्टाळू होत्याच, प्रेमळही असतील. पण ज्या बाईला शेकडो ओव्या तोंडपाठ होत्या, जिच्या फुगडीला जोडीण मिळायची नाही, पंचमीच्या फेरात जिने गाणं सांगितल्याशिवाय बाकीच्यांचं पाऊल उठायचं नाही, तिच्याबद्दलही तेवढंच छापून येतं. पखवाज वाजवणाऱ्या आजोबांची कला ओळखीचा भाग ठरते. त्यांच्या बायकोची कला मात्र तिच्या स्वभावात विरघळवून टाकली जाते. हौशी होती हो, एवढं कुणीतरी दहाव्याला म्हणतं आणि विषय संपतो.

माझं म्हणणं असं की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना आपण त्यांच्या सोसण्यासाठी आठवतो. त्यांच्या आनंदासाठी आणि त्यांच्या कलेसाठी आठवत नाही. हा प्रश्न एकेका घराच्या हळवेपणापुरता नाही. एका मोठ्या समाजाने आपल्या निम्म्या माणसांचं गाणं आणि नाच कलेच्या हिशेबात धरलेलाच नाही. गावाने, ग्रंथालयाने, ग्रामपंचायतीने हे काम आपलं मानायला हवं. तेही बाई हयात असताना.

आमच्या आजीला गावात सगळे आक्का म्हणायचे. वारणाकाठचं गाव, उसाचं शिवार, माळवदी घर. श्रावण लागला की शेजारच्या वाडीतून तिला बोलावणं यायचं. फेराचं गाणं एकीने सांगायचं आणि मागून सगळ्यांनी धरायचं अशी रीत. सांगणाऱ्या बाईचा दम टिकला पाहिजे, कडवी क्रमाने आठवली पाहिजेत आणि फेरातली एखादी पोर लाजत असेल तर तिचंच नाव गाण्यात गुंफून तिला आत ओढता आलं पाहिजे. आक्काला ते तिन्ही जमायचं. फुगडीत तोंडाने धरायचा ठेका, म्हणजे पकवा, तिचा इतका घुमायचा म्हणे, की पलीकडच्या आळीतल्या बायकांना घरात बसून कळायचं, कोण खेळतंय. बसफुगडी, दंडफुगडी, एका हाताची फुगडी, झिम्मा, पिंगा, काटवटकणा, सूप नाचवणं. गौरी जेवल्या की रात्र जागवायची, आणि ती जागवायची कशी हे आक्काने ठरवायचं.

आजोबा गेले तेव्हा ती चाळिशीच्या आसपास होती. त्यानंतर ती फेरात उतरली नाही. तिला कुणी बजावलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं. तशी गरजच नव्हती. नवरा गेलेल्या बाईने कुठे उभं राहायचं हे तिला आधीपासून ठाऊक होतं, कारण तिने स्वतः इतर बायकांना तिथे उभं राहिलेलं पाहिलं होतं. पुढची सगळी वर्षं ती सोप्याच्या कडेला बसायची आणि फेरातल्या पोरींचं कडवं अडलं की तिथूनच शब्द पुरवायची. आत्या सांगते, अशा वेळी तिच्या मांडीवरची बोटं ठेका धरलेली असायची.

जात्यावरचं गाणं मात्र तिने सोडलं नाही. पहाटे दळताना बघायला कोण असतं? खुंटा हातात, जात्यात दाण्यांची वैरण घालता घालता ओवी. ते गाणं कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हतं म्हणून वाचलं. मग गावात विजेची गिरणी आली आणि तेही थांबलं. गिरणी आली याचा आक्काला मनापासून आनंद झाला होता, हेही इथे सांगायला हवं. खांदे मोडणारं काम सुटलं होतं. पण त्या कामाच्या आडोशाने जो एक तास तिच्या हक्काचा होता तो गेला, आणि त्याच्या बदल्यात दुसरा कुणी दिला नाही.

आमच्या आजीची गोष्ट वेगळी नाही, म्हणूनच ती सांगतो आहे. विधवा बाईला मंगळागौरीचं बोलावणं नाही, हळदीकुंकवाला नाही, लग्नातल्या हळदीला तर समोरही यायचं नाही, ही रूढी महाराष्ट्रात कित्येक जातींत, कित्येक घरांत चालत आली. तिच्यावर बोलताना आपण बहुधा कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र यांच्याबद्दल बोलतो. ते योग्यच आहे. पण आपल्या बायकांचं सामूहिक गाणं-नाचणं जवळजवळ सगळं सणांना बांधलेलं आहे, सणांचा मोठा भाग सवाष्णपणाला बांधलेला आहे, आणि त्यामुळे नवरा गेला की बाईची कलाही त्याच दिवशी संपते, हे फारसं कुणी बोलत नाही. पखवाजवादकाची बायको गेली तर त्याचा पखवाज कुणी काढून घेत नाही. उलट म्हणतात, भजनात मन रमवा.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं थांबवायचं ठरलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. बऱ्याच गावांनी तसे ठराव केलेही. मला त्या ठरावाचं मोल फार वाटतं. मात्र कपाळावरचं कुंकू राहिलं आणि फेरात जागा मिळाली नाही, तर काम अर्धं राहिलं. साठीतली विधवा बाई सुनांच्या आणि नातींच्या हाताला धरून झिम्मा खेळते आणि तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही, असं ज्या गावात होईल त्या गावात तो ठराव खरा उतरला असं मी म्हणेन.

दुसरं कारण अधिक जुनं आणि अधिक खोल आहे. नाचणं हे गरतीच्या बाईचं काम नाही असं आपण कित्येक पिढ्या मानलं. घरातल्या बाईने अंगणात, बायकांच्यात, सणापुरतं नाचावं. लोकांसमोर नाचेल ती वेगळी बाई, तिची जात वेगळी, तिची वस्ती वेगळी. बालगंधर्वांनी लुगडं नेसून रंगभूमीवर स्त्रीची भूमिका केली तेव्हा त्यांच्या चालण्याबोलण्याचं, नेसण्याचं अनुकरण कुलीन घरातल्या बायकांनी केलं. स्त्रीचं ते रूप पुरुषाने उभं केलं म्हणून प्रतिष्ठित ठरलं. त्याच समाजाने स्वतःच्या पायांनी नाचणाऱ्या बाईला काय दिलं? तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेले असताना फडावर उभ्या राहिल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचल्या, ही हकीकत महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. त्यांचे अखेरचे दिवस किती हलाखीत गेले, हे सांगताना आवाज खाली येतो. २००२ मध्ये त्या गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. वाईच्या लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती.

फडावरच्या बाईला अप्रतिष्ठा आणि अंगणातल्या बाईला विस्मृती, हे दोन्ही एकाच विचाराचे परिणाम आहेत. आपली आजी नाचायची हे निधनवार्तेत लिहायला घरची मंडळी कचरतात, कारण ते वाक्य वाचून लोक काय समजतील, ही भीती अजून गेलेली नाही. म्हणून आजीच्या नाचाला न्याय द्यायचा तर विठाबाईंच्या नाचालाही तो द्यावा लागेल. एकीला कुलीन म्हणून वेगळं काढायचं आणि दुसरीला तिकिटाच्या खिडकीपलीकडे ठेवायचं, असं करून चालणार नाही.

आईला तिच्या कलेसाठी आठवलं की काय होतं, याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डी गावच्या. तरुणपणीच वैधव्य आलं, पदरात तीन मुलं. जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांकडून त्यांनी विद्या मिळवली आणि ती लेकीला दिली. किशोरी आमोणकर आपल्या आईबद्दल, माईंबद्दल, बोलायच्या तेव्हा त्यांच्या बोलण्यात गुरूची शिस्त असायची, एकेका स्वरासाठी घेतलेली मेहनत असायची, मैफलींत माईंच्या वाट्याला आलेला अपमानही असायचा. तिथे आई निव्वळ सोशिक नव्हती. ती एका घराण्याची विद्या वाहून आणणारी बाई होती. याच मातीतल्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून पृथ्वीबाहेर गेली. त्या काळात आमच्या आजीसारख्या लाखो बायका दळत, कांडत, खेळत गात होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचा आवाज आज त्यांच्या स्वतःच्या घरातही उरलेला नाही.

बहिणाबाई चौधरींचं नाव इथे टाळता येत नाही. असोद्यात जन्मलेली, जळगावच्या चौधरींच्या घरात दिलेली, अक्षरओळख नसलेली, तिशीतच विधवा झालेली बाई. शेतात राबताना, जात्यावर दळताना ओव्या रचायची आणि म्हणायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, म्हणून त्याला कळलं की आई जे म्हणते ते टिपून ठेवायला हवं. त्याने आणि घरातल्या नातलगाने टिपून ठेवलं, म्हणून आईच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकात आली. आज उत्तर महाराष्ट्रातलं विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावाने ओळखलं जातं.

या गोष्टीकडे आपण प्रतिभेची गोष्ट म्हणून पाहतो. मला ती नोंदीची गोष्टही वाटते. घरात लिहिणारं माणूस नसतं तर काय राहिलं असतं? जळगावच्या वर्तमानपत्रात, आला तर, एक मजकूर: प्रेमळ, कष्टाळू व धार्मिक वृत्तीच्या होत्या. आणि जे राहिलं तेही पुरतं नाही. शब्द वाचले, आवाज आपल्यापाशी नाही. त्यांच्या कविता आज आपण ज्या चालींत ऐकतो त्या पुढच्या काळातल्या संगीतकारांच्या आहेत. गोड आहेत, पण बहिणाबाई दळताना कुठे थांबत, कोणता शब्द लांबवत, दुसऱ्या ओळीला आवाज कसा खाली घेत, हे आपल्याला कधीच कळणार नाही. ओवी तर म्हणण्यात असते. कागदावरच्या दोन ओळी म्हणजे ओवी नव्हे.

हे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांना नीट उमगलं होतं. १९८०च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या गावोगावच्या बायकांनी हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रितही झाल्या. आता त्यांचा मोठा भाग ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात कुणालाही वाचता-ऐकता येतो. त्या कामातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: ओवीशेजारी गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. लोकगीत म्हणजे कुणाचंच नसलेलं गीत, असं शाळेत शिकवलं जातं. इथे ते अमुक गावच्या अमुक बाईचं आहे. तिने ते आईकडून, सासूकडून घेतलं असेल, पण एखादा शब्द बदलला तो तिने, एखादी ओवी नव्याने जोडली ती तिने.

मी हे मांडतो तेव्हा काही आक्षेप हमखास येतात. त्यांतला एक मला गंभीर वाटतो. शिकलेल्या, शेतकरी बायकांत काम करणाऱ्या एका मैत्रिणीने तो मला तोंडावर सुनावला. ती म्हणाली, तुम्हा पुरुषांना जात्यावरच्या ओवीचा उमाळा येतो, कारण तुम्ही कधी दळलेलं नाही. पहाटे तीनला उठून, पोटात अन्न नसताना, अंगावर पोर घेऊन दळणाऱ्या बाईचं गाणं ही तुमची करमणूक नव्हे. तिचं बरोबर आहे. जातं परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. पण ती वेदना आपल्याला आज ठाऊक आहे ती कुणामुळे? त्याच ओव्यांमुळे. बाईच्या जन्माचा राग, माहेरी विसरलेला भाऊ, दारू पिणारा नवरा, सासूचा जाच, लेकीला लांब दिल्याचं दुःख, हे सगळं ओवीत आहे, आणि ते सांगायला त्या बायकांना दुसरी जागा नव्हती. गाणं जपायचं म्हणजे फक्त गोड गोड जपायचं नाही. निधनवार्तेतल्या कष्टाळू या शब्दात जे कष्ट गुळगुळीत होऊन जातात, ते ओवीत खरखरीत राहतात.

दुसरा आक्षेप असा की दुःखाच्या घरी गाण्यानाचाचं नाव कशाला? आपल्याकडे पिकलं पान गळतं तेव्हा कित्येक गावांत टाळमृदंगाच्या गजरात, हलगी लावून नेतात. दिवसांत भजन असतं, कीर्तन असतं. दुःख आणि गाणं यांचं वैर आपल्या लोकांनी कधी मानलं नाही. अडतं ते बाईच्या गाण्यापाशी. तेराव्याच्या दिवशी अभंग चालतो, मग आजीनेच म्हटलेली ओवी तिच्या सुनांनी आणि लेकींनी म्हटली तर कोणतं शास्त्र मोडेल? मला तरी असं शास्त्र कुणी दाखवलेलं नाही.

तिसरी शंका खाजगीपणाची. हिला मात्र मान द्यायला हवा. आमच्या आत्याने आक्काच्या शेवटच्या काही वर्षांत मोबाइलवर तिच्या ओव्या टिपल्या. आधी आक्का तयार नव्हती. आवाज फाटलाय, म्हणायची. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, ते यंत्र आण. गायली, आणि दोन ओव्यांनंतर म्हणाली, ही कुणाला ऐकवू नकोस, ही माझ्या नणंदेवरची आहे. ती आम्ही कुणाला ऐकवलेली नाही. बाईला विचारून टिपायचं आणि तिने ठेवलेली अट पाळायची, एवढं साधं आहे ते. तिच्या नावाने तिचं गाणं नोंदवायचं असेल, तर त्यावर पहिला हक्क तिचा.

मंगळागौर तर जोरात चालली आहे, मग बिघडलं काय, असंही कुणी म्हणेल. शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावीही, एकसारख्या नऊवारी नेसलेले गट बोलावले जातात, हॉल घेतात, ध्वनिक्षेपक असतो, स्पर्धा असतात. परदेशातली मराठी मंडळंही हौसेने करतात. बायका घाम निघेपर्यंत नाचतात, हसतात, याचा मला आनंद आहे आणि त्याला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. पण त्या कार्यक्रमात घरची ऐंशी वर्षांची बाई बहुधा पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर प्रेक्षक म्हणून बसलेली असते. तिला वेगळ्या चालीचं, वेगळ्या कडव्यांचं, फक्त तिच्या माहेरच्या गावात म्हटलं जाणारं गाणं येत असतं, आणि तिला कुणी विचारत नाही. सगळीकडे तीच गाणी, त्याच क्रमाने, त्याच चालीत. ज्या गाण्यात गावागणिक फरक होता त्याची एकच प्रत उरायला लागली आहे. गटाला बोलवा, जरूर बोलवा. पण त्या संध्याकाळचा अर्धा तास घरच्या म्हाताऱ्या बाईला द्या. आणि ती विधवा असेल तर तिला आधी द्या.

आता गावाने काय करायचं. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि सरकारी अनुदानावर चालणारी ग्रंथालयं हजारोंच्या संख्येत आहेत. कित्येक गावांत ती खोली, कपाट, वर्तमानपत्रांचं टेबल आणि एक ग्रंथपाल एवढीच आहेत, पण आहेत. त्या प्रत्येक ग्रंथालयात गावातल्या साठीच्या पुढच्या बायकांच्या गाण्यांचा संग्रह असावा. यासाठी स्टुडिओ लागत नाही. कुणाच्याही खिशातला फोन पुरतो. महत्त्वाची आहे ती वही. बाईचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, हे गाणं कुणाकडून शिकली, कोणत्या कामाला किंवा सणाला म्हणायची, त्याबरोबर कोणता खेळ खेळायचे, पावलं कशी पडायची, कोण जोडीण होती, गाणं कधी थांबलं आणि का थांबलं. शेवटचा प्रश्न वगळू नये. नाचाचं चित्रण करायचं असेल तर गुडघे दुखणाऱ्या बाईला उभं करायची गरज नाही. ती बसल्या जागी हातांनी दाखवते आणि नात पावलं टाकते, असंही उत्तम होतं. दहावी-बारावीच्या मुलामुलींना हे काम दिलं तर ती आनंदाने करतील.

ग्रामपंचायतीला वर्षातून ठरलेल्या ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्यांतली एक १५ ऑगस्टची. बहुतेक वर्षी ती श्रावणात किंवा त्याच्या आसपास येते, पंचमी आणि गौरी जवळ असतात. त्या सभेत दोन विषय ठेवता येतील. पहिला, गावात सार्वजनिकरीत्या होणाऱ्या हळदीकुंकू, मंगळागौर, झिम्मा-फुगडीच्या कार्यक्रमांचं निमंत्रण प्रत्येक बाईला असेल, नवरा हयात आहे की नाही हे विचारलं जाणार नाही. दुसरा, ग्रंथालयात बायकांच्या गाण्यांचा नावानिशी संग्रह सुरू होईल आणि त्यासाठीचा किरकोळ खर्च ग्रामपंचायत करील. महिला सदस्य निम्म्या आहेत, सूचक आणि अनुमोदक मिळायला अडचण पडू नये. आणि निधनवार्ता लिहून देणारा घरातला जो कुणी असेल, त्याने परिवाराची यादी थोडी आखडती घेऊन एक ओळ वाढवावी: त्या पंचमीच्या फेरात गाणं सांगत असत.